जमनीचा झिरा

दगड कोरणाऱ्या माणसाला एक गोष्ट फार लवकर कळते. ग्रॅनाइटला खोडरबर चालत नाही. कागदावर चूक झाली तर कागद फाडता येतो, दगडावर झाली तर ती नातवंडांपर्यंत जाते, आणि नातवंडं तिलाच खरं मानून मोकळी होतात.

संगीताला हे पहिल्याच महिन्यात कळलं होतं. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत तिची पत्र्याची शेड. आत एक कापायचं मशीन, एक अक्षरं कोरायचं, आणि बाहेर भिंतीला टेकून उभे केलेले काळे-तांबडे दगड. नवरा राजकुमार गेला त्याला नऊ वर्षं झाली, तेव्हापासून दुकान तीच चालवते. बंगल्यांच्या पाट्या, देवळांचे फलक, समाधीचे दगड. हजारो नावं तिच्या हाताखालून गेली. त्यात बायांची किती, असं कुणी विचारलं असतं तर ती म्हणाली असती, की बंगल्याला 'रत्नप्रभा' नाव देतात बुवा लोक, पण ती रत्नप्रभा बहुतेक वारलेली असते आणि घर मुलाच्या नावावर असतं.

फेब्रुवारीच्या मध्याला भारत आला. भारत म्हणजे तिचा चुलतभाऊ, रुक्माकाकीचा मुलगा, आणि लखमा नाईक तांड्याच्या उत्सव कमिटीचा सचिव. तांडा बाभुळगावच्या पुढे आठ किलोमीटरवर. संगीताचं माहेर तेच.

"ताई, तांड्याले यंदा शंभर वर्षं होऊन राह्यले," तो म्हणाला. "तळ्याजोळ दगड लावाचा हाये. चांगला काळा दे. आठ मार्चले उद्घाटन."

"आठ मार्चच काहून?"

"त्या दिवशी आमदार साहेब मोकळे हायेत. अन् महिला दिन बी हाये म्हणे. बायांले साड्या वाटून टाकू. एका मांडवात दोन कामं."

त्यानं कागद दिला. 'लखमा नाईक यांनी सन १९२६ साली येथे पाणी शोधून हा तांडा वसविला. त्यांचे सोबती' आणि खाली दहा नावं. दहाच्या दहा पुरुष. जणू काही हे दहा बाप्ये बायांशिवायच बैल हाकत आले आणि त्यांना पोरं झाडाला लागली.

संगीतानं कागद दोनदा वाचला. "यात जमनी नाही," ती म्हणाली.

"कोन जमनी?"

नाव तोंडातून कसं निघालं याचं तिलाही नवल वाटलं. चाळीस वर्षांत तिनं ते उच्चारलं नसेल. "ते नाही का, बाया रडतात तवा येते ते. जमनी अन् तिचा झिरा."

भारत हसला. वाईट हसला नाही, पण हसला. "ताई, रडण्याचा काय पुरावा असते का? रामधन नायकबाबानं तांड्यातल्या सगळ्या जुन्या माणसाईले इचारलं. कोणालेच जमनी माहीत नाही."

"माणसाईले इचारलं. बायांले?"

"बायांले काय इचाराचं?" भारतनं खरोखरच न कळून विचारलं.

आता ही रडण्याची रीत सांगायला हवी. गोरमाटी बाया, म्हणजे आपण ज्यांना बंजारा म्हणतो त्या, बऱ्याच दिवसांनी भेटल्या की 'कशी आहेस' असं विचारत नाहीत. एकमेकींच्या गळ्यात पडतात, डोक्यावरून पदर ओढून घेतात आणि रडतात. नुसतं हुंदके देऊन नाही, चालीवर, शब्दांनी रडतात. मधल्या काळात कोण गेलं ते आधी, मग त्याच्या आधी कोण गेलं ते, मग त्याच्याही आधीचं. आईच्या सासूच्या सासूपर्यंत. चांगली रडणारी असली तर अर्धा-पाऊण तास चालतं. आणि पुरुषांची रीत अशी, की पहिली तान निघाली की धोतर झटकायचं, 'चला, आता घंटाभर या बायाईचं चालन' म्हणायचं आणि पानठेल्यावर जायचं. म्हणजे अलीकडचे मेलेले तेवढे त्यांच्या कानावर पडतात. सगळ्यात जुनं शेवटी येतं, आणि तोवर ऐकायला कोणी उरलेलं नसतं. शंभर वर्षं हे असंच चाललं. दोष कुणाला द्यायचा? देणाराही पानठेल्यावरच.

संगीता सात वर्षांची असताना आईच्या मांडीवर होती, आणि आई नि रुक्माकाकी तिच्यावरून एकमेकींच्या गळ्यात पडल्या होत्या. मध्ये चेंगरून बसल्यामुळे तिनं सगळं ऐकलं होतं. त्यातली जमनी आणि पाणी एवढंच राहिलं होतं.

"दगड मी कोरीन," ती भारतला म्हणाली. "पण पाणी कोणी काढलं ते मले इचारून येऊ दे. खोटं कोरलं तं मायाच हातचं राहीन ते."

"नायकबाबा तुयं ऐकतीन असं वाटते तुले?" भारत हळूच म्हणाला. त्याचं म्हणणं चूक नव्हतं.

राजकुमार गेला तेव्हा तेराव्यानंतर तांड्यात बैठक बसली होती. तांड्याचा प्रमुख आणि लखमा नाईकाचा नातू रामधन नायकानं सगळ्यांदेखत सांगितलं, मशीन दिराला देऊन टाक, दगडाचं काम बाईच्यानं होत नाही. संगीता 'नाही' म्हणाली आणि उठून आली. कोणी तिला वाळीत टाकलं नाही, पण त्यानंतर कोणत्या लग्नाची चिठ्ठीही आली नाही. त्याचं तिला फार नव्हतं. तिला लागलं होतं ते रुक्माकाकीचं. आई गेल्यावर जिनं तिला वाढवलं, ती काकी त्या बैठकीत बायांच्या रांगेत बसून होती आणि एक शब्द बोलली नव्हती. नऊ वर्षं संगीतानं तांड्यात पाय ठेवला नाही.

आणि आता पाय ठेवायचा तर एका मेलेल्या बाईसाठी, जिचा चेहराही कोणाला माहीत नाही. स्कुटी बाभुळगाव ओलांडून आत वळली तेव्हा तिला वाटलं, आपण डोक्यावर पडलो आहोत. पण वळली खरी.

सकाळचे दहा झाले असतील. रुक्माकाकी अंगणात बाजेवर हरभरा निवडत होती. तांड्यातल्या सगळ्या बाया आता साडीवर आल्या, काकीनं मात्र आरशांची कांचळी आणि घेरदार फेटिया घागरा सोडला नव्हता. समोर कडुनिंबाखाली रामधन नायक, भारत आणि आणखी चार-पाच जण बसले होते. संगीता आली तशी त्यांची बोलणी थांबली. ती माफी मागायला आली, असंच त्यांना वाटलं असणार.

संगीतानं सगळ्यांना रामराम केला, काकीच्या पायाशी बसली आणि मोबाईल काढून समोर धरला. "काकी, जमनीचं सांग. मी भरून घेतो यात."

काकीनं हरभऱ्यातून डोळे वर केले नाहीत. "कोन जमनी?"

"रडण्यात येते ती. झिऱ्याची."

"मले नाई माहीत."

"असं कसं? मी लहानपणी तुया तोंडून ऐकलं."

काकीनं सूप खाली ठेवलं, आठवायला लागली. दोन ओळी म्हटल्या, अडकली. परत पहिल्यापासून म्हटल्या, परत तिथंच अडकली. "असं बसून नाई येत वं," ती म्हणाली. "पाढे हायेत का ते?"

कडुनिंबाखाली कोणीतरी खोकलं. भारतनं मान खाली घातली. त्याला बहिणीची आणि आईची दोघींचीही लाज वाटत होती. संगीताच्या मनात आलं, संपलं. जाऊन ती दहा नावं कोरावी, पैसे घ्यावे आणि पुन्हा इकडे तोंड करू नये. ती उठली. "येतो काकी."

"नऊ वर्षं," काकी म्हणाली. आवाज मोठा नव्हता. "नऊ वर्षांनी आली. नवरा मेला तुया, तवा बी आपलं भेटणं राह्यलं. अन् आली तं हे डब्बं धरलं मायासमोर. गळ्यात नाई पडली."

संगीता उभीच राहिली. मग तिनं मोबाईल हरभऱ्याच्या ढिगावर टाकला, बाजेवर बसली आणि काकीच्या खांद्यावर डोकं ठेवलं. कसं ठेवायचं असतं हेही ती विसरली होती. काकीच्या कांचळीचे आरसे तिच्या गालाला टोचले. काकीनं आपली ओढणी दोघींच्या डोक्यावरून ओढून घेतली, आणि त्या अंधारात पहिली तान काढली.

कडुनिंबाखालची मंडळी रीतीप्रमाणे उठली. भारत सगळ्यांत पुढे. पाच मिनिटांत झाडाखाली कोणी नव्हतं. एकटा रामधन नायक होता, आणि तोही काही ऐकायला म्हणून थांबला नव्हता. त्याच्या डाव्या गुडघ्याचं दिवाळीत ऑपरेशन झालं होतं, उठायला कोणाचा तरी हात लागायचा, आणि हात देणारा भारत तर पानठेल्यावर.

काकी रडत होती. आधी राजकुमार आला. माझ्या चिमणीला एकटीला टाकून गेला, मी त्या बैठकीत बसले होते, माझ्या तोंडात जीभ नव्हती, पोरी, माझी जीभ मी तिथेच गिळली. हे शब्द काकीनं चालीवर म्हटले आणि संगीताचा बांध फुटला. तिला रडता येत नव्हतं असं नाही, तिच्यासोबत रडणारं कोणी नव्हतं. मग तिची आई आली, तापात गेलेली. मग आईची सासू. नावं पुढे सरकत गेली तसा काकीचा आवाज सैल झाला, आणि जिथं ती मघाशी अडकली होती ते ठिकाण कधी मागे गेलं ते दोघींनाही कळलं नाही.

सगळं गोरबोलीत होतं. मराठीत सांगायचं तर असं, फक्त आईला 'याडी'च ठेवून:

जमनी माझी याडी, आमच्या सगळ्या याड्यांची याडी. माल लादून हिंडायची लदेणी संपली, बैलाच्या पाठीवरचं मीठ रेल्वेनं नेलं, तांडा हिंडला, पाणी मिळालं नाही. तीन मुक्काम झाले. लखमा नाईक म्हणाला, बैल लादा, पुढे चला. जमनीचे दिवस भरले होते. ती नाल्याच्या कोरड्या वाळूत बसली, म्हणाली, मी उठत नाही. पुरुषांनी बैल लादले. जमनीनं फुटक्या मडक्याच्या खापरानं वाळू उकरली. सोनकी तिच्याजवळ बसली, रुपली बसली, धेनी, हेमली, केसली, मंगली, सक्री, चांदी बसली. नऊ जणी आणि नऊ खापरं. एक रात्र, एक दिवस, परत एक रात्र. नखं गेली. मग वाळू ओली झाली, झिरा लागला. लादलेले बैल पाणी प्यायला वळले. त्याच पहाटे जमनीला मुलगा झाला, आणि तिनं आपल्याच झिऱ्याचं पाणी दोन घोट पिऊन डोळे मिटले. तिच्या चुलीचे तीन दगड तिच्या उशाशी मांडले. याडी, तुझा फुलसिंग तुझ्या थोरल्या दिरानं, लखमानं वाढवला, आपलाच म्हणून वाढवला. याडी, तुझ्या चुलीला आम्ही तूप लावतो.

काकी थांबली. ओढणी काढली, नाक पुसलं आणि काही झालंच नाही अशी हरभऱ्याकडे वळली. संगीताच्या लक्षात आलं की मोबाईलचं बटण तिनं दाबलंच नव्हतं.

पुढे त्याच नाल्यावर बांधलेल्या तळ्याच्या उगवतीला तीन दगड आहेत. तांड्यातली प्रत्येक नवरी सासरी निघताना त्यांना बोटभर तूप लावते. पुरुष सांगत, ती लखमा नाईकाची चूल. संगीतानंही लावलं होतं तूप, कोणाला लावतोय हे न विचारता.

तिनं वळून पाहिलं. रामधन नायक काठीवर दोन्ही हात ठेवून जमिनीकडे बघत होता. फुलसिंग हे त्याच्या बापाचं नाव. त्यानं ऐकलं होतं की त्याचा डोळा लागला होता, काही कळायला मार्ग नव्हता. तेवढ्यात भारत परतला, नायकाला हात दिला, आणि नायक संगीताकडे न बघता घरी गेला.

होळी आली आणि गेली. भारतचा फोन आला, नायकबाबा काही बोलले नाहीत, कागदावर हाये तसंच कोरून टाक, दिवस कमी हायेत. संगीतानं दगड कापला, घासला, आरशासारखा केला, आणि अक्षरांना हात लावला नाही. पुरावा म्हणाल तर एका म्हाताऱ्या बाईचं रडणं, आणि साक्षीदार म्हणाल तर एक म्हातारा, ज्यानं कबूल केलं तर त्याचा आजा बदलतो. लखमा नाईकाचा नातू म्हणून शहात्तर वर्षं मिरवलेला माणूस असं कशाला करेल? तिनं स्वतःला सांगितलं की आशा ठेवायची नाही. आणि मशीन चालवता चालवता ती गुणगुणायला लागली. नावं एकेक करून आपोआप येत गेली, ती तिनं बिलबुकाच्या पाठीमागे लिहून ठेवली.

पाच तारखेला दुपारी एक ऑटो शेडसमोर थांबला. भारतच्या खांद्यावर हात ठेवून रामधन नायक उतरला. आत आला, कोऱ्या काळ्या दगडासमोर उभा राहिला. त्यात त्याचं स्वतःचं तोंड दिसत होतं.

"हे मशीन तूच चालवतं?" त्यानं विचारलं.

"नऊ वर्षं झाले."

"मी म्हणलो होतो, बाईच्यानं होत नाही."

"म्हणले होते," संगीता म्हणाली. तिनं स्टूल पुढे सरकवलं.

नायक बसला. भारतनं चहा सांगायला म्हणून बाहेर पाहिलं, पण गेला नाही.

"बाई," नायक म्हणाला, "ते मी पोऱ्या होतो तवापासून ऐकून राह्यलो. माय रडे, आत्या रडे, मायी बायको रडे. शंभरदा ऐकलं असंन. मले वाटे, बाया रडून राह्यल्या." त्यानं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "माया बापाची माय होती ते. अन् मले तिचं नाव तुया काकीच्या तोंडून कळलं, तेही गुडघा दुखे म्हणून."

या माणसावर संगीतानं नऊ वर्षं राग धरला होता, आणि तो राग आता हाताला लागत नव्हता. तिनं बिलबुक उलटं करून त्याच्यापुढे ठेवलं. त्यानं चष्मा लावून एकेक नाव ओठांनी वाचलं.

"नऊ?"

"नऊ."

"रुक्माबाईले इचारलं मी, मले सांग म्हणलं. तं म्हणे, सांगता येत नाही." तो किंचित हसला. "लखमा नाईकाचं राहू देशीन ना?"

"राहू देतो की. बैल सोडून तो थांबला, हे बी खरं हाये. फक्त पाणी त्यानं नाही काढलं."

"मंग तसंच कोर," नायक म्हणाला. "अन् खाली लिव्ह, जमनीचा नातू रामधन." मग भारतकडे वळून म्हणाला, "आता सांग चहा."

आठ तारखेला तळ्याजवळ मांडव पडला. साहेब दीड तास उशिरा आले, भाषणात तीनदा 'मातृशक्ती' म्हणाले, आणि एका मांडवात दोन कामं ठरल्याप्रमाणे झाली. साड्या वाटल्या. एकाच रंगाच्या होत्या, हे सांगायला नकोच. पडदा ओढला गेला आणि काळ्या दगडावर पहिली ओळ दिसली: 'सन १९२६ मध्ये या नाल्यात जमनी व तिच्या आठ सोबतिणींनी झिरा काढला. त्या पाण्यावर लखमा नाईकांचा तांडा थांबला.' खाली नऊ नावं, मग दहा, आणि तळाशी 'जमनीचा नातू रामधन'. टाळ्या वाजल्या. साहेबांनी घड्याळ पाहिलं.

रुक्माकाकीला वाचता येत नाही. ती काठी टेकत दगडापाशी आली. "यात जमनी कोनती वं?" तिनं संगीताला विचारलं.

संगीतानं काकीचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. ज म नी. कोरलेल्या खाचेत बोट नीट बसत होतं. काकीनं ते दोनदा फिरवलं. मग तिनं काठी सोडली, दोन्ही हात दगडाच्या गळ्यात टाकले, डोक्यावरून ओढणी ओढली, आणि सगळ्या मांडवाच्या देखत पहिली तान काढली. बाया नव्या साड्या बाजूला ठेवून उठल्या आणि तिच्याभोवती जमल्या.

आणि पुरुष उठले. शंभर वर्षांची सवय, एका दगडानं थोडीच जाते. कोणी धोतर झटकलं, कोणी खिशात तंबाखूची पुडी चाचपली. साहेबांचा ड्रायव्हर गाडीकडे निघाला. साहेबही अर्धे उठले. भारतनं नायकाला उठवायला नेहमीप्रमाणे हात पुढे केला.

रामधन नायकानं तो हात धरला आणि उठण्याऐवजी भारतलाच खाली ओढलं.

"बसा," तो म्हणाला. माईक त्याच्यासमोर होता, त्यामुळे सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. "सगळे बसा. ते शेवटी येते."

भारत बसला. मग एकेक करून सगळे बसले, साहेबही बसले. काकी अजून संगीताच्या आईपर्यंतच आली होती.